एअर बेलो बसवूनही ट्रेलर जोडला की पिकअप मागून बसते: दोष शोधायचा कसा

पिकअपच्या मागच्या पाट्यांना (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांना) मदत म्हणून एअर बेलो, म्हणजे हवेने फुगणारे रबरी फुगे, बसवले की सुरुवातीला गाडी ट्रेलरसकट छान सपाट चालते. मग हळूहळू तक्रारी सुरू होतात. रात्री भरलेली हवा सकाळी उतरलेली असते. एक बाजू वर, दुसरी खाली. ट्रेलर जोडला की मागचा भाग पुन्हा बसतो आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बेलो नवे टाकले तरी थोड्या दिवसांत पुन्हा तेच. इथवर आलं की बहुतेक जण दाब वाढवत जातात, ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) वरून ६०, ६० वरून ८०. त्याने तक्रार पुढे ढकलली जाते, मिटत नाही.

‘गाडी बसते’ या एका तक्रारीखाली दोन अगदी वेगळे दोष असतात. एकात हवा खरोखर बाहेर जात असते. दुसऱ्यात हवा जागच्या जागी असते, पण वजन जास्त असतं किंवा नको तिथे पडत असतं. पहिल्याचा इलाज पाना आणि साबणाचं पाणी. दुसऱ्याचा इलाज बेलोत नाहीच. आधी हे दोन वेगळे केले नाहीत तर चांगले बेलो विनाकारण बदलले जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून पुढचा सगळा क्रम याच फरकाभोवती बांधला आहे.

आधी उंची, मग दाब

प्रेशर गेज हातात घेण्याआधी टेप घ्या. गाडी सपाट फरशीवर उभी करा आणि चारही चाकांवर चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा कमी-जास्त असली की तो आकडा फसवतो. मोजणी तीन अवस्थांत हवी: रिकामी गाडी आणि बेलोत किमान दाब, नेहमीचं सामान भरून ट्रेलर जोडलेला, पण बेलोत किमान दाबच, आणि मग हवा भरल्यावर. दर वेळी मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे घ्या. पाटे एकमेकांवर घासून अडकून राहतात, त्यामुळे नुसती हवा भरून जागेवरच मोजलं तर एका बाजूला सेंटिमीटरभर चुकीचा फरक दिसू शकतो.

पुढच्या चाकांची उंची बहुतेक जण लिहीतच नाहीत. ती नक्की लिहा. त्या आकड्याची गरज पुढे पडणार आहे.

आता दाबाबद्दल. बेलोतला दाब तुम्ही किती हवा भरली यावरच ठरत नाही, त्यावर किती भार आहे यावरही ठरतो. ट्रेलर जोडलेला असताना ७० पीएसआय असेल आणि सोडल्यावर ५५ दिसला, तर १५ पीएसआय हवा कुठे गळाली नाही. भार कमी झाला एवढंच. म्हणून ‘काल इतका होता, आज इतका झाला’ ही तुलना दोन्ही वेळा भार सारखा असेल तरच खरी.

तापमानाचंही तसंच. दुपारी ३५ अंशांत ६० पीएसआय भरले आणि पहाटे १० अंशांत पाहिलं, तर बेलोचा आकार तोच राहिला असं धरून दाब साधारण ५४ पर्यंत उतरतो, एक कणही हवा बाहेर न जाता. प्रत्यक्षात बेलो थोडा खालीही बसतो, त्यामुळे घट थोडी कमी दिसते आणि मागची उंची किंचित उतरते. थंडीत ‘दर सकाळी हवा कमी’ अशी तक्रार असेल तर एकाच वेळेला, म्हणजे रोज सकाळी किंवा रोज संध्याकाळी तपासा. बऱ्याच गळत्या तिथेच नाहीशा होतात.

आणखी एक गोष्ट. टायरच्या मानाने बेलोत हवा फारच थोडी मावते. गेज लावताना जो ‘फुस्स’ होतो, तो टायरला कळतही नाही. बेलोचा दाब मात्र तेवढ्याने उतरतो. दिवसातून चार वेळा तपासणारा माणूस स्वतःच हवा सोडत असतो. गेज एकदाच लावा, आकडा लिहा, टोपी घट्ट बसवा.

खरी चाचणी सोपी आहे. रिकामी गाडी सपाट जागी उभी करा, दोन्ही बाजूंना सारखी हवा भरा, उंची मोजा आणि २४ तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उंची आणि दाब पुन्हा पाहा. किट नुकतंच बसवलं असेल तर पहिल्या दिवशी २ ते ४ पीएसआयची घट एअर लिफ्ट कंपनीच्या बसवणीच्या पुस्तिकेतही नेहमीची मानली आहे. ५ च्या वर गेली तर मात्र गळती शोधायची. घट एकाच बाजूला असेल तर गळती नक्की. दोन्ही बाजूंना सारखीच आणि थोडी असेल तर आधी तापमान आणि गेज यांच्यावर संशय घ्या.

दाबाच्या मर्यादा मात्र किटच्या कागदावरच्याच पाळा, शेजारच्या गाडीवरच्या नाहीत. एक्सल आणि चेसिसच्या मध्ये बसणाऱ्या दुमडीच्या बेलोंना, उदाहरणार्थ एअर लिफ्टच्या लोडलिफ्टर ५००० किंवा फायरस्टोनच्या राइड-राइटला, कमाल १०० पीएसआय चालतो. कॉइल स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या एअर लिफ्ट १००० ची कमाल मर्यादा फक्त ३५ आहे. दोन्ही ‘एअर बेलो’ म्हणूनच ओळखले जातात, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की रबर फाटतं. किमान दाब साधारण ५ पीएसआय. शून्य कधीच नाही, त्याचं कारण पुढे येतं.

हवा खरंच जात असेल तर

दोन्ही बेलो एकाच नळीवर, मध्ये टी-जोड टाकून बसवले असतील, तर पहिलं काम म्हणजे त्या नळ्या वेगळ्या करून प्रत्येक बाजूला स्वतंत्र व्हॉल्व्ह देणं. एकत्र नळीवर गळती एका बाजूची असली तरी दाब दोन्हीकडचा उतरतो, त्यामुळे दोष कुठे आहे हे कळायचा मार्गच बंद होतो. शिवाय वळणावर बाहेरच्या बेलोवर भार येतो, त्यातली हवा टी-जोडातून आतल्या बाजूच्या बेलोत सरकते आणि गाडी जास्तच झुकते. ‘बेलो बसवल्यापासून गाडी वळणावर लोळते’ अशी तक्रार असेल तर मी सगळ्यात आधी टी-जोड शोधतो.

नळ्या वेगळ्या झाल्या की साबणाचं पाणी घ्या. भांडी घासायचा द्रव साबण एक भाग, पाणी चार भाग, फवारणीच्या बाटलीत. दाब चांगला ठेवा, पण मर्यादेच्या आत. फवारून लगेच पुढे सरकू नका. बारीक गळतीला बुडबुडा धरायला मिनिटभर लागतो आणि तो फेसासारखा पांढरा, टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन टाका.

क्रम व्हॉल्व्हपासून बेलोकडे जाणारा ठेवा, कारण गळतीची शक्यताही जवळजवळ त्याच क्रमाने कमी होत जाते.

व्हॉल्व्हची पिन: टोपी काढून तोंडावर साबणाचा थेंब ठेवा. फुगा आला तर पिन घट्ट करा, तरीही आला तर बदला. ही टायरचीच पिन असते. ट्रेलरवाल्या गाडीचे व्हॉल्व्ह मागच्या बंपरजवळ, धूळ आणि चिखलाच्या ऐन माऱ्यात असतात. टोपी नसेल तर पिनखाली वाळूचा कण अडकायला वेळ लागत नाही. आतून रबर असलेली टोपी घाला.

मग नळीचे जोड. माझ्या मते हवा पुन्हा पुन्हा जाण्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच आहे, म्हणून इथे थांबून नीट पाहू. या किटमध्ये नळी जोडात नुसती दाबून बसवायची असते. आत दातेरी कडं असतं ते नळीला धरून ठेवतं, आणि त्याच्या मागे एक बारीक ओ-रिंग (गोल रबरी कडं) असते, ती नळीच्या बाहेरच्या अंगावर टेकून हवा अडवते. म्हणजे हवा रोखण्याचं सगळं काम नळीच्या शेवटच्या दीड-दोन सेंटिमीटरच्या गुळगुळीतपणावर आहे. आता गळणाऱ्या जोडातून नळी काढून तिचं टोक उजेडात धरा. पक्कडीने किंवा कात्रीने कापलेलं असेल तर तोंड गोल नसतं, दाबल्यासारखं लंबगोल असतं. ओ-रिंग दोन बाजूंनी टेकते आणि दोन बाजूंनी नाही. तिरपं कापलेलं असेल तर नळी एका बाजूने तळाला टेकते आणि दुसरी बाजू ओ-रिंगच्या अलीकडेच राहते. आणि टोकापासून मागे जाणारा केसाएवढा उभा ओरखडा असेल तर तो हवेसाठी तयार रस्ता असतो. हा ओरखडा बहुतेकदा त्या दातेरी कड्यानेच पडलेला असतो, म्हणजे नळी आधी एकदा ओढून काढून पुन्हा त्याच टोकाने बसवलेली असते.

इलाज: आधी सगळी हवा सोडा. जोडाची कड आत दाबून धरा आणि नळी सरळ ओढा. टोकाचे दोनेक सेंटिमीटर धारदार ब्लेडने किंवा नळीच्या कटरने काटकोनात कापून टाका. नवं टोक तळाला लागेपर्यंत दाबा, मग उलट ओढून पाहा, सुटायला नको. नळी जोडातून बाहेर पडल्यावर पहिले काही सेंटिमीटर सरळ गेली पाहिजे. तिथेच वळवली असेल तर ती ओ-रिंगला एका अंगाने रेटते, आणि मग अशी गळती तयार होते की ती गाडी उभी असताना सापडतच नाही. एक्सल खाली-वर झाला की हवा सुटते, थांबला की बंद. ‘घरी दोन दिवस टिकते, ट्रेलर ओढला की जाते’ हे त्याचंच लक्षण. म्हणून गळती सापडत नसेल तर साबण लावून जोडाजवळची नळी बोटाने हळूच चारही बाजूंना हलवा.

नळी लांबीने कमी पडत असेल तर ताणून पुरवू नका. सायलेन्सरच्या पाइपपासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवा. तेवढी जागा नसेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा हवाच. प्लॅस्टिकची नळी उष्णतेने लगेच फुटत नाही, आधी मऊ होऊन फुगते आणि मग जोडातून सरकते.

त्यापुढे बेलोच्या माथ्यावरचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड. याचे आटे निमुळते असतात आणि बहुतेक किटमध्ये त्यांवर सीलंट आधीच लावलेला असतो. त्यावर आणखी टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नाही. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर व्हॉल्व्हच्या सीटवर बसून नवी गळती देतो. हाताने घट्ट करून मग पान्याने साधारण दीड फेरी, त्यापलीकडे जोर लावू नका. काही बेलोंचे माथे प्लॅस्टिकच्या जातीचे असतात, जास्त आवळलं तर तडकतात, आणि तडकलेल्या माथ्याला दुरुस्ती नाही.

एवढं करूनही कोणती बाजू दोषी हे पक्कं होत नसेल तर व्हॉल्व्ह ते बेलो अशी नळ्यांची अदलाबदल करा, लांबी पुरत असेल तर. दोष नळीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर नळी किंवा व्हॉल्व्ह. बेलोजवळच राहिला तर एल्बो किंवा बेलो. आता कुठे बेलोवर संशय घ्यायला हरकत नाही.

बेलो खरंच फाटला असेल तर तो का फाटला

हा प्रश्न न विचारता नवा बेलो टाकला तर तोही त्याच जागी फाटेल. जुना काढून फेकण्याआधी भोक कुठे आहे ते नीट पाहा.

भोक किंवा झिजून चकचकीत झालेला डाग बाहेरच्या फुगीर भागावर असेल तर काहीतरी घासत होतं: ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, सायलेन्सरचा हँगर, बोल्टचं पुढे आलेलं टोक. हवा भरली की बेलो उंचीबरोबर घेरातही वाढतो, आणि बसवताना तो रिकामा असतो, त्यामुळे तेव्हा जागा पुरेशी वाटते. पूर्ण हवा भरून चहूबाजूंनी निदान १३ मिलिमीटर मोकळी जागा आहे का ते बोट फिरवून बघा. बोट अडकलं तिथे उद्या रबर अडकणार.

दुमडीच्या आत, कड्याजवळ फाटला असेल तर बेलो हवेशिवाय चालवला गेला आहे. अनेक किटमध्ये कारखान्यातून आलेला रबरी बंप स्टॉप काढूनच बेलो बसतो. म्हणजे खड्ड्यात गाडी आपटली की शेवटचा आधार बेलोच असतो. त्यात हवा नसेल तर रबर दोन पत्र्यांमध्ये चिमटलं जातं. ‘ट्रेलर नाही, मग हवा कशाला’ म्हणून शून्यावर सोडणं बेलोला सगळ्यात जास्त मारतं. किमान दाब त्यासाठीच आहे.

रबर वरच्या किंवा खालच्या पत्र्यापासून ओढल्यासारखं निघालं असेल तर दोन शक्यता. एक, वरचा आणि खालचा ब्रॅकेट एका रेषेत नाहीत आणि बेलो कायम तिरपा काम करतो आहे. मागून वाकून पाहिलं तर हे डोळ्यांनाच दिसतं. दोन, गाडी चेसिसला जॅक लावून उचलली गेली. टायर बदलताना हे सर्रास होतं. चेसिस वर जाते, एक्सल खाली लोंबतो, आणि बेलो त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जातो. टायरच्या दुकानात आठवणीने सांगा: जॅक एक्सलला लावा. चेसिसलाच लावायचा असेल तर आधी हवा सोडा आणि एक्सलला आधार ठेवा.

बेलो काढून, बाहेर मोकळा धरून हवा भरून पाहायचा मोह होतो. कृपा करून करू नका. गाडीवर त्याला वरून-खालून पत्रे अडवतात; बाहेर त्याला अडवणारं काही नसतं, आणि फुटला तर हात-तोंड वाचत नाही. तसंच नुसत्या हवेच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.

गाडीतच कॉम्प्रेसर असेल तर

इथे गळतीची एक जागा वाढते. कॉम्प्रेसरकडून येणारा व्हॉल्व्हचा ठोकळा किंवा एकदिशा व्हॉल्व्ह हवा उलट सोडू शकतो, आणि बाहेरून साबणाने ते दिसतच नाही. तपासायचं असेल तर दोन्ही नळ्या ठोकळ्यापासून सोडून प्रत्येकीला हाताने भरायचा साधा व्हॉल्व्ह लावा आणि २४ तासांची चाचणी पुन्हा करा. आता हवा टिकली तर बेलो आणि नळ्या निर्दोष आहेत. कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर तो बिघडला म्हणून नव्हे, गळती भरून काढतोय म्हणून. गळती न शोधता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही तसाच तापून जळेल. हवेची टाकी असल्यास तिच्यात साचलेलं पाणी नियमित काढा. थंड प्रदेशात हेच पाणी नळीत गोठून हवा अडवतं आणि मग एक बाजू भरते, दुसरी भरत नाही.

हवा टिकते, तरी गाडी बसते

दोन-तीन दिवस उंची हलली नाही, पण ट्रेलर जोडला की मागचा भाग खाली जातो आणि दाब मर्यादेजवळ नेला तरी हवी तेवढी उंची मिळत नाही. इथून पुढे बेलोला हात लावण्यात अर्थ नाही. वजन मोजा.

एअर बेलोने गाडीची वजन वाहण्याची किंवा ओढण्याची क्षमता वाढत नाही. बेलोच्या खोक्यावर २००० किलोच्या वरचा आकडा छापलेला असला तरी तो बेलोचा आहे. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक, चेसिस आणि हिच (गाडीला ट्रेलर जोडायचा भाग) यांचा नाही. बंपरमागच्या बॉलवर, म्हणजे हिचच्या गोळ्यावर, ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचं नाक (पुढचं टोक) एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर टाकतं. २५०० किलोचा ट्रेलर म्हणजे २५० ते ३७५ किलो. हा भार पिकअपमध्ये नेता येणाऱ्या वजनातूनच वजा होतो, आणि त्याच हिशेबात माणसं, मागचं सामान आणि हिचचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. वजनकाट्यावर ट्रेलरसह पुढचा एक्सल, मागचा एक्सल असं वेगळं वजन करून गाडीवरच्या वजनमर्यादेच्या पट्टीशी ताडून पाहा. मागचा एक्सल मर्यादेबाहेर असेल तर उपाय एकच, वजन कमी करणं किंवा ट्रेलरमधलं सामान मागेपुढे हलवणं. मात्र नाकाचं वजन १० टक्क्यांच्या खाली आणू नका. ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो आणि आवरत नाही.

आता त्या पुढच्या चाकांच्या आकड्याकडे. हिचचा बॉल मागच्या एक्सलच्याही मागे असतो, म्हणून मागचा एक्सल सी-सॉच्या मधल्या टेकूसारखा वागतो: मागे दाबलं की पुढचं टोक उचलतं. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.१ मीटर, बॉल मागच्या एक्सलपासून १.३ मीटर मागे आणि नाकाचं वजन २५० किलो. पुढच्या चाकांवरून सुमारे १०५ किलो भार निघून जातो, आणि मागच्या एक्सलवर २५० नव्हे, ३५५ किलो येतो. बेलोत हवा भरली की मागचा भाग वर येतो, गाडी सपाट दिसते. पण तो १०५ किलो पुढे परत जात नाही. स्टिअरिंग हलकंच राहतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं कमीच धरतात. सपाट दिसणारी गाडी आणि वजन नीट वाटलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बेलो फक्त पहिली देतात. हे कळकळीने सांगतो, कारण सपाट गाडी पाहून माणूस निर्धास्त होतो आणि वेग वाढवतो.

पुढच्या एक्सलवर वजन परत नेण्याचं काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं. तिचे दोन दांडे ताणाखाली वाकतात आणि गाडीला पुढच्या बाजूने खाली दाबतात. बेलो आणि ही हिच एकत्र वापरताना क्रम चुकला की तक्रार सुरू राहते. ट्रेलर जोडण्याआधी सामान भरून गाडीची मागची उंची बेलोने ठीक करून घ्या. मग ट्रेलर जोडा आणि दांड्यांचा ताण वाढवून पुढच्या चाकांची उंची मूळ आकड्याजवळ आणा. किती जवळ ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. त्यानंतर बेलोत आणखी हवा भरू नका. भरली तर मागचा भाग उचलतो, दांडे सैल होतात आणि पुढे नेलेलं वजन पुन्हा मागे येतं.

ट्रेलरचं नाक वर किंवा खाली असेल तर तेही बेलोने सुधारू नका. त्यासाठी बॉलची उंची बदलणारा ड्रॉबार असतो. ट्रेलर सपाट किंवा किंचित नाक खाली चालावा.

रिकाम्या पिकअपची मागची बाजू मुळातच पुढच्यापेक्षा उंच असते. ट्रेलर जोडल्यावर ती पूर्ण उंची परत आणायचा हट्ट धरू नका. गाडी सपाट झाली की थांबा. ५ पीएसआयच्या टप्प्याने भरा, थोडं चालवा, मोजा. जास्त हवा भरलेली गाडी प्रत्येक सांध्यावर मागून उसळते, आणि शॉकअप जुने असतील तर ट्रेलरसह डोलत राहते. ट्रेलर सोडला की दाब लगेच खाली आणा.

एकच बाजू कायम खाली असेल आणि ती वर आणायला त्या बाजूला खूपच जास्त दाब लागत असेल, तर पाटे पाहा. तुटलेला पाटा, अडकलेला शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी), सैल यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारा). बेलो हे सगळं काही काळ झाकून ठेवतात.

ब्रेक आणि चेसिस

अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा एक व्हॉल्व्ह चेसिसवर असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. गाडी बसली म्हणजे वजन आहे असं धरून तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. बेलोने गाडी वर उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीत मागचा ब्रेक कमी मिळतो. ‘बेलो बसवल्यापासून ब्रेक मऊ लागतो’ या तक्रारीत पॅड बदलण्याआधी ही दांडी शोधा. तिचा ब्रॅकेट कसा सरकवायचा हे किटच्या पुस्तिकेत दिलेलं असेल तर तसंच करा. अंदाजाने वाकवू नका, ब्रेकवाल्याकडून करून घ्या. हेडलाइटचा झोतही उंची बदलल्यावर पुन्हा लावून घ्या.

आणि चेसिस. पाटे त्यांच्यावरचा भार चेसिसला दोन ठिकाणी देतात, पुढच्या पिनजवळ आणि मागच्या शॅकलजवळ. बेलो मात्र एक्सलच्या बरोबर वर, त्या दोहोंच्या मधोमध एकाच जागी चेसिसला वर ढकलतो. मागे लांब लोंबणारं वजन, भरपूर दाब आणि खराब रस्ता एकत्र आले की त्या जागेपाशी किंवा केबिनच्या मागे चेसिस वाकायला लागते. केबिन आणि मागच्या हौद्याच्या मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहा. खाली अरुंद आणि वर रुंद होत चालली असेल तर ती वाकण्याची खूण आहे. बेलोच्या वरच्या ब्रॅकेटभोवती रंगाला केसाएवढी चीर किंवा गंजाची रेघ दिसली तर ट्रेलर जोडू नका, बेलो किमान दाबावर आणा आणि चेसिसचं काम जाणणाऱ्या माणसाकडून आधी ती जागा तपासून घ्या.